चार इंची भिंत

माझ्या खोलीला एजंटने स्टोअर म्हटलं. माझ्याशी बोलताना नाही. तो भिंतीला टेप लावून मापं घेत होता आणि आकडे फोनमध्ये बोलून ठेवत होता. हॉल सोळा बाय अकरा, स्वयंपाकघर नऊ बाय आठ, बेडरूम चौदा बाय अकरा, आणि मग त्याच सुरात, स्टोअर, नऊ बाय साडेपाच. मी दारातच उभी होते. आत माझी कॉट होती, कॉटखाली चपला होत्या, खुंटीवर कारखान्याचा निळा कोट होता, आरशाच्या कडेला बसच्या वेळांची चिठ्ठी खोचलेली होती. एवढं सगळं समोर असताना माणसाला स्टोअर हा शब्द सुचतो, म्हणजे एक तर त्याचं काही चुकत असणार किंवा माझं. इथे मी राहते, असं मी त्याला सांगितलं. तो खजील वगैरे झाला नाही. खिडकी नसलेली जागा कागदावर खोली म्हणून दाखवता येत नाही, मॅडम, नियम आहे, असं त्याने अगदी समजुतीने सांगितलं आणि टेप सुर्रकन आत ओढून घेतली. मी बेचाळीस वर्षं त्या जागेत झोपत होते. चौदाव्या वर्षी वडिलांनी आईच्या खोलीत एक भिंत घालून मला ती काढून दिली, तेव्हा मी मैत्रिणींना मुद्दाम घरी बोलावून दाखवली होती. माझी खोली. हवेसाठी वर एक जाळी आणि बाहेर पडायचं दार आईच्या खोलीत उघडणारं, पण माझी. नियमाचं काही मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

घर विकायचं माझ्या धाकट्या भावाच्या मनात होतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. चुकत असतं तर मला भांडता आलं असतं. वडील जाऊन कैक वर्षं झाली होती, आई जाऊन आठ महिने. घर आम्हा दोघा भावंडांच्या नावावर. तो दोन तासांवर दुसऱ्या शहरात राहतो, दोन मुली आहेत, दोघी आता वयात आल्यात आणि एकाच खोलीत एकमेकींच्या झिंज्या उपटतात. त्याला मोठं घर हवं होतं. मला म्हणाला, ताई, तू आमच्याकडे ये, नाहीतर तुझ्या वाट्यात गावाबाहेर एक खोलीची छान जागा होईल. हे तो मोठ्याने म्हणाला. माझ्याशी तो मोठ्यानेच बोलतो, एकेक शब्द सुटा करून; का ते पुढे सांगते. मी बरं म्हटलं. नको म्हणायला कारण लागतं, आणि माझ्याजवळ सांगण्यासारखं कारण नव्हतं. या घरात मी सुखात होते असं मला शपथेवर सांगता आलं नसतं. तरी सोडायचं नव्हतं, एवढंच खरं, आणि ते मी कोणालाही सांगितलं नाही.

एजंटचं म्हणणं, आहे तसं घर दाखवायला ठेवलं तर घराची माती होईल. त्याने हॉलच्या मधोमध उभं राहून काय काय काढायचं ते बोटाने दाखवलं. भिंतीवरचे फोटो काढा, लोकांना दुसऱ्याचे वडील बघायचे नसतात. अर्धं सामान काढा, खोली मोठी दिसते. पांढरे दिवे बदला, पिवळे लावा. बाथरूमच्या ओलीवर पुट्टी मारून रंग द्या. आणि आतल्या खोलीतला तो वास आधी घालवा, आजाराचा वास आला की किमतीतले पाच गेलेच. एजंट लोक नुसते आकडे बोलतात. पाच, साठ, पुढचे लाख ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे. घरात माणूस राहतंय असं वाटता कामा नये, राहू शकेल असं वाटलं पाहिजे, असं तो म्हणाला, आणि मला ते पटलं. मग त्याने आईच्या आणि माझ्या खोलीमधली भिंत वाजवून पाहिली. चार इंची आहे, म्हणाला, नंतरची दिसते, एका दिवसात पाडून होईल, मोठी मास्टर बेडरूम मिळेल, तीन तरी वाढतील. मी नाही म्हटलं. का विचारलं तर वडिलांनी बांधलीय म्हटलं. त्याने मान हलवली. भावनेच्या माणसांशी वाद घालायचा नाही हे त्या धंद्यात शिकवत असावेत.

भावनेचं माणूस असा शिक्का माझ्यावर तरी आजवर बसला नव्हता. मी कपबश्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. भट्टीतून निघून थंड झालेला माल पट्ट्यावरून येतो, माझ्या हातात एक लाकडी काठी असते, पेन्सिलीएवढी, तिने प्रत्येक कपाच्या कडेला हलकेच टिचकी द्यायची. चांगला कप खणखणीत वाजतो. आत केसाएवढी चीर असली, डोळ्याला मुळीच न दिसणारी, तरी आवाज बद्द येतो. बद्द वाजला की बाजूला. पट्ट्याची घरघर, पंखे, ट्रॉल्यांचा खडखडाट, या सगळ्यांतून तो आवाज वेगळा काढायचा. एकतीस वर्षं मी हेच केलंय. माझ्या हातून पास झालेला कप दुकानातून परत आला असं एकदाही घडलेलं नाही. मुली मला मागून टकटकबाई म्हणतात. मला ते ऐकू येतं आणि आवडतंही. सांगायचा मुद्दा असा की वाईट काम माझ्या हातून होत नाही. हा गुण नव्हे, खोड आहे. रजा टाकून मी घर आवरायला घेतलं, ते खरं तर एजंट सांगेल तेवढं वरवर करून टाकायच्या बेताने. ओल झाकायची, रंग मारायचा, घर तसंच कुजकट राहू द्यायचं, बघणाऱ्याला बरोबर कळतं, तो जातो. माझ्या सोयीचं तेच होतं. पण पहिल्याच सकाळी मी काठी घेऊन हॉलच्या भिंतीला टिचकी दिली आणि ती बद्द वाजली.

मग मला राहवेना. चार दिवस मी भिंती वाजवत फिरले. जिथे गिलावा पोकळ झाला होता तिथे खडूने गोल केले. गवंडी आला आणि ते गोल बघून हसला. बाई, तुम्हाला घर विकायचंय ना, मग एवढं कशाला, एक हात रंगाचा मारतो, कोणाच्या बापाला कळत नाही. मला कळतं, मी म्हटलं. त्याने कपाळाला हात लावला, पण काम नीट केलं. प्रत्येक गोल फोडला, विटेपर्यंत गेला, पुन्हा गिलावा केला, आणि वाळल्यावर मी तो वाजवून पाहीपर्यंत सामान उचललं नाही. बाथरूमच्या ओलीवर पुट्टी न मारता आतला पाइप बदलून घेतला. खिडक्यांच्या बिजागऱ्या, नळांचे वायसर, स्वयंपाकघरातली हललेली फरशी. रोज सकाळी उठताना वाटायचं आज हात आखडता घेऊ, आणि संध्याकाळी बघावं तर आणखी एक गोष्ट धडधाकट झालेली असायची. आपल्याच पायावर आपण धोंडा पाडतोय हे दिसत होतं, आणि तरी तो नीट पडावा म्हणून मी काळजी घेत होते. याला काय म्हणावं मला कळत नाही. माझा राग राग आला मला.

आईची खोली मी शेवटाला ठेवली होती. ती सात वर्षं तिथे पडून होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून उठलीच नाही, आणि पुढे छातीही कमकुवत झाली. तिची हॅन्डलवाली कॉट, कमोडची खुर्ची, औषधांचा डबा, मलमं, रबरी चादर, सगळं गेलं. कॉट उचलली तेव्हा फरशीवर तिच्या चार पायांचे चार डाग राहिले, आणि ते घासून निघाले नाहीत. वास मात्र निघाला. तीन दिवस खिडक्या उघड्या टाकल्या, कपाटं पुसली, भिंतीला चुना दिला, आणि चौथ्या दिवशी सकाळी त्या खोलीत शिरले तर कसलाच वास नव्हता. मी तिथे उभी राहून नाकाने शोधत राहिले. आपण काय केलं हे तेव्हा मला एकदम लागलं. खाली बसले आणि रडले, बऱ्याच दिवसांनी. मग उठून मधल्या भिंतीला टिचकी दिली. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत खणखणीत वाजली. चार इंची, पण वडिलांनी समोर उभं राहून बांधून घेतलेली. तिच्यात कुठे काही मुरलेलं नव्हतं. आवाज पलीकडे जात होता, पलीकडचा अलीकडे येत होता, आणि त्या भिंतीबद्दल मला जे माहीत आहे ते कुठल्याच एजंटला सांगण्यासारखं नव्हतं.

आईला पडून सात-आठ महिने झाले असतील. माझी पहिली पाळी होती, दुपारी तीनला घरी आले, आईजवळ बसणारी बदली बाई निघून गेली, आईला चहा दिला, तिचं सगळं केलं आणि माझ्या खोलीत जाऊन दार लोटून आडवी झाले. पाय सुजलेले होते. डोळा लागायच्या आतच हाक आली. अगं. तिची हाक तेवढीच असायची, नाव नाही, काही नाही, नुसतं अगं. मी वरच्या जाळीकडे बघत राहिले. पुन्हा, अगं, ऐकतेस का. मी उठणारच होते, पण शरीर म्हणालं थांब, आणि मी थांबले. तिसरी हाक आली, मग चौथी नाही आली. तेव्हा वाटलं, बघ, जमतं की. वीस मिनिटांनी गेले तर तिची चादर ओली झालेली होती आणि ती तोंड भिंतीकडे करून पडली होती. ऐकू आलं नाही गं, डोळा लागला होता, असं मी म्हटलं. असू दे, ती म्हणाली. मी चादर बदलली. ती ओशाळली होती आणि मी नव्हते, हे मला आजही सहन होत नाही. त्यानंतर ती सवयच झाली. रोज नाही, पण आठवड्यातून तीनदा-चारदा तरी. पहिल्या दोन हाका सोडून द्यायच्या, तिसरीला उठायचं. कधी तिसरीही. दर वेळी तेच वाक्य, ऐकू आलं नाही. आईने हळूहळू हाकांची चाल बदलली. पहिल्या दोन वाया जातात हे धरून ती लागोपाठ तीन मारायला लागली, धाप लागायची तिला. त्या वेळीच मी शरमेने मरायला हवं होतं. मी चौथीपर्यंत थांबायला लागले.

मग एकदा धाकटा आला होता तेव्हा ती त्याला म्हणाली, हिला हल्ली कमी ऐकू येतं रे, कारखान्यातल्या आवाजाने असेल, दाखवून आण. मी स्वयंपाकघरात होते, तिथूनही मला ते स्वच्छ ऐकू आलं. धाकटा गडबडला. ज्या बाईचं पोट तिच्या कानावर आहे तिचा कान जातोय म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी मला कानाच्या दवाखान्यात घेऊन गेला. काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर जाड हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. दाबूच नये, असं मनात होतं. सोपं होतं, हात गप्प ठेवायचा. पण बारीकसा आवाज आला की बोट आपोआप दाबलं जायचं. विशीतल्या मुलीचा कान आहे तुमचा, असं तपासणारी बाई कौतुकाने म्हणाली. कागद मी पर्समध्ये घडी करून टाकला. बाहेर धाकट्याला म्हटलं, थोडं कमी आहे, वयाने, काळजीचं नाही. घरी आईलाही तेच सांगितलं. मला वाटलंच, ती म्हणाली. आणि त्या दिवसापासून ती मला ओरडून हाक मारायला लागली. जिच्या छातीत पेला उचलण्याएवढा दम नव्हता ती बाई माझ्या सोयीसाठी ओरडायची. त्या आवाजाला मी काही वेळा उठायची आणि काही वेळा नाही.

ते तिला माहीत होतं की नव्हतं, हे मला फार दिवस कळलं नाही. मग एका सुट्टीच्या दुपारी कळलं. मी आडवी होते, तिने हाक मारली नव्हती, पण पलीकडे तिचा हात टेबलावर पेला शोधत फिरत होता हे मला ऐकू येत होतं. त्या दिवशी का कोण जाणे, मी उठायला लागले. कॉट कुरकुरली. पलीकडून आई, ओरडून नाही, अगदी पुटपुटल्यासारखं, स्वतःशीच बोलावं तशा आवाजात म्हणाली, मिळाला पेला, नीज तू. आणि मी बरं म्हटलं. तोंडातून निघून गेलं. त्यानंतर भिंतीच्या दोन्ही बाजूंना एवढी शांतता झाली की खालच्या रस्त्यावर कोणीतरी सायकलला स्टँड लावला तोही मला ऐकू आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखी ओरडून हाक मारली, आणि ती जाईपर्यंत दीड वर्षं ती ओरडतच राहिली. तर घर न सोडण्याचं हे माझं कारण होतं. इथून गेले की मी सुटले असं होईल, आणि सुटायचा मला हक्क नव्हता.

किंमत ठरवायची वेळ आली तेव्हा एजंटने हिशेब मांडला. याच इमारतीतलं वरचं घर मागच्या वर्षी कितीला गेलं, त्यात दुरुस्तीचे एवढे वाढवा, खिडकीतून समोरचा गोदामाचा पत्रा दिसतो त्याचे एवढे कमी करा. साठ निघाले. लिहायचे त्रेसष्ट, लोक खाली ओढणार, साठवर सोडायचं, सरळ आहे. धाकटा फोनवर म्हणाला, ताई, किंमत तू सांग, तू खोटं माप देणार नाहीस. पंच्याहत्तर, मी म्हटलं. एजंटने माझ्याकडे बघितलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी बद्द कप पास करत होते, आणि मला हलकं वाटलं. धाकट्याने विश्वास ठेवला. एजंट मात्र नंतर जिन्यात मला समजावत राहिला की या किमतीला कोणी हुंगूनही बघणार नाही, घर बाजारात फार दिवस पडून राहिलं की शिळं होतं, लोकांना वाटतं आत काहीतरी भानगड आहे. मी कानाला हात लावून, काय म्हणालात, असं विचारलं. धाकट्याने त्यालाही माझ्या कानाचं सांगून ठेवलं होतं. तो दमून जिना उतरला.

बघायला माणसं मात्र आली. घर देखणं झालं होतं, त्याची मलाच लाज वाटावी इतकं. एजंट दारातच त्यांना सांगायचा, बाईंना कमी ऐकू येतं, तुम्ही मोकळेपणाने बघा. मग ती माझ्यादेखत मोकळेपणाने बोलायची. एक नवराबायको स्वयंपाकघरात कुजबुजत होते. ती म्हणाली घर हवंय, तो म्हणाला घर ठीक आहे पण म्हातारीचं डोकं फिरलंय, पंच्याहत्तर कोण देतं. मी छप्पन्न वर्षांची आहे. मी हसून त्यांना पाणी विचारलं. एका निवृत्त गृहस्थाने सगळ्या भिंती छत्रीच्या मुठीने ठोकून बघितल्या आणि एकही पोकळ सापडली नाही म्हणून तो खट्टू झाला. जाताना बायकोला म्हणाला, कुठेच काही नाही म्हणजे नक्की काहीतरी आहे. अशी बारा-चौदा कुटुंबं येऊन गेली. दर वेळी दार लावलं की मी आईच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसायची. आनंद होत नव्हता, पण जरा मुदत मिळाल्यासारखं वाटायचं. धाकटा आठवड्याने फोन करायचा, अजून काही नाही का गं, असं मोठ्याने, सुटं सुटं विचारायचा, आणि त्याच्या मागे मुलींचं भांडण ऐकू यायचं. मोठी रडत होती एकदा. तिला दहावीचा अभ्यास करायला जागा नव्हती. मला वाईट वाटायचं, मी नाही म्हणायची, आणि फोन ठेवून द्यायची.

तीन महिने झाल्यावर धाकटा स्वतः आला. किंमत उतरवू या, असं त्याला सांगायचं होतं. चहा घेताना तो सुरुवात करून थांबला, माझा अपमान होईल म्हणून. तेवढ्यात एजंट एका बाईंना घेऊन आला. डोळ्यांच्या डॉक्टर होत्या, माझ्याच वयाच्या, चापूनचोपून बांधलेले केस, सपाट चपला, खांद्याला जड पिशवी. त्यांनी हॉल पाहिला नाही. खिडकीतून गोदाम दिसतं हे एजंटने आपणहून सांगितलं तरी तिकडे गेल्या नाहीत. सरळ आईच्या खोलीत गेल्या आणि फरशीवरच्या त्या चार डागांपाशी उभ्या राहिल्या. इथे कोणी अंथरुणावर होतं का, त्यांनी विचारलं. एजंट नाही म्हणायला तोंड उघडत होता, मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, मग माझ्या खोलीचं दार ढकललं, आत गेल्या आणि न विचारता माझ्या कॉटवर बसल्या. दार आतून लावून घेतलं. आम्ही तिघं बाहेर उभे. एजंटने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. बराच वेळ आत काही हालचाल नव्हती; त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, दमलेल्या माणसाचा श्वास. मग त्यांनी कॉटवर बसूनच हात लांबवून दार उघडलं.

"माझी आई पडून असते," त्या म्हणाल्या. "आवाज अगदी लहान झालाय तिचा. मी अकरा घरं पाहिली. कुठे दुसरी खोली लांब, कुठे भिंत जाड. दार लावलं तरी इथे हाक ऐकू येते का?"

एजंटने अर्थातच येते म्हटलं. तुम्हाला नाही विचारलं, असं त्यांनी त्याच्याकडे न बघताच सांगितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

धाकटा पुढे झाला. "ताईला कमी ऐकू येतं," तो हळू म्हणाला. "तिला विचारून उपयोग नाही."

मायेनेच म्हणाला तो, मला अवघडायला नको म्हणून. आणि मला कळलं की आता मला काही करायचंच नव्हतं. उभी राहिले असते नुसती, नेहमीसारखी, तर त्या बाईंनी एक सुस्कारा टाकला असता, पिशवी सावरली असती आणि तेरावं घर बघायला गेल्या असत्या. किंवा दोन शब्द पुरले असते. नाही येत. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, सात वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं. किमतीचं खोटं मी तीन महिने बिनदिक्कत बोलले होते, पण हे तसलं नव्हतं. जिला मी कधी पाहिलं नव्हतं अशी एक म्हातारी कुठेतरी पडलेली होती, पेला शोधत, आणि तिच्यासाठी हा प्रश्न विचारला जात होता. आणखी एकदा तेच वाक्य, तेही त्याच भिंतीशी उभं राहून, ते माझ्याच्याने होईना.

"येते," मी म्हटलं. "मला स्वच्छ ऐकू येतं. कधीच कमी नव्हतं. इथे झोपलं की पलीकडे कूस बदललेली कळते. टेबलावर हात फिरला तरी कळतं."

डॉक्टरबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "मग तुम्हाला झोप कशी लागायची?"

"झोपायची नाही. ऐकून पडून राहायची."

एजंट हातातली टेप उगाच उघडझाप करत होता, ती त्याने खिशात घातली. डॉक्टरबाईंनी माझ्या उशीला पडलेला खळगा हाताने नीट केला, अगदी दवाखान्यात करतात तसा, आणि उठल्या. पंच्याहत्तर ना, त्यांनी विचारलं. एजंट घाईघाईने म्हणाला की त्यात थोडंफार बोलता येईल. नको, त्या म्हणाल्या, मला चालेल, पण महिन्याच्या आत ताबा हवा, इथे लिफ्ट आहे, आणि आईला आता लिफ्ट नसलेल्या घरात ठेवता येत नाही. एजंटला खुर्चीत बसल्याशिवाय ते खरं वाटणार नव्हतं. तो त्यांना घेऊन हॉलमध्ये गेला. बयाणा, कागद, तारखा असे शब्द तिथून येत राहिले. घर गेलं होतं. मी आत जाऊन कॉटच्या पायथ्याशी भिंतीला टेकून उभी होते आणि मला वाटत होतं तसं काहीच वाटत नव्हतं, नुसती तहान लागली होती.

धाकटा आईच्या खोलीतच थांबला होता, खिडकीशी, पाठमोरा. आता तो काय म्हणेल याची मी वाट बघत होते. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने नेहमीच्या चढ्या आवाजात, सुटं करून, "ताई" म्हटलं, आणि मधेच थांबला. बोटाने काचेवरचा रंगाचा एक शिंतोडा खरवडत राहिला. मग खिडकीकडेच तोंड ठेवून, इतक्या हळू आवाजात की दुसऱ्या कोणीही काय म्हणालास असं विचारलं असतं, त्याने विचारलं, "आईला माहीत होतं?"

"होतं," मी म्हटलं. "तरी रोज ओरडून हाक मारायची."